इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) घेऊन इंग्लिश चॅनल ओलांडताय? मग या चुका टाळा

जून उजाडला की यूकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच प्रश्न सुरू होतो, "फ्रान्सच्या कॅले बंदराहून पॅरिस एका चार्जमध्ये होईल का?" अहो जेमतेम ३०० किलोमीटर आहे, आणि नाही झालं तर मध्ये थांबा की! फ्रान्सच्या मोटरवेवर जवळजवळ प्रत्येक सर्व्हिस एरियात फास्ट चार्जर आहेत, फास्ट चार्जिंगचा आपला सीसीएस प्लग (गन) तिकडेही तोच. लोक अडकतात ते मोटरवे सोडल्यावर, रात्री, मुक्कामाच्या गावात. आणि नेमकी त्याचीच तयारी कुणी करत नाही.

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब दोन वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या डॉर्डोन्य भागात गेलं. गाडी नवीकोरी, राहायला गावाबाहेरचं जुनं दगडी घर भाड्याने घेतलेलं, मालकाला ईमेल करून विचारलेलं की गाडी चार्ज करता येईल ना, तो म्हणाला हो हो, प्लग आहे. रात्री दहाला पोचले तेव्हा बॅटरी ७ टक्के. प्लग होता, पण कुठे, तर बागेतल्या शेडमध्ये, दोन गोल भोकांचं फ्रेंच सॉकेट, आणि यांच्याकडे चार्जिंग केबल यूकेची, तीन चौकोनी पिनांची. मग काय, मोबाइलसाठी आणलेला ट्रॅव्हल ॲडॉप्टर लावला! अर्ध्या तासात प्लास्टिक जळल्याचा वास, ॲडॉप्टर एका बाजूने मऊ होऊन वाकलेला, ट्रिप पडून घरातला फ्रिजसुद्धा बंद. आणि मग साहेबांचा मला फोन, "तू ईव्हीवाली ना, सांग आता काय करू." रात्री साडेअकराला मी तरी काय सांगणार, झोप म्हटलं.

खरी गंमत पुढेच आहे. सकाळी ते लोक दूध आणायला गेले तर गावच्या ग्रामपंचायतीसमोर, म्हणजे तिकडच्या मेरीसमोर, चार्जिंगचा खांब उभा, २२ किलोवॉटचा! घरापासून पाच मिनिटांवर. फक्त अशा खांबाला केबल लटकवलेली नसते, फक्त सॉकेट असतं, टाइप टू केबल आपली आपण न्यायची. ती केबल गाडीबरोबर मिळालेली होती हो, पण बुटात, म्हणजे डिकीत, सूटकेस मावत नव्हती म्हणून लंडनला गॅरेजमध्ये काढून ठेवलेली. "आम्ही रॅपिड (फास्ट) चार्जरच वापरतो" म्हणे. शेवटी कॅम्पसाइटवरच्या एका डच माणसाने दुपारपर्यंत स्वतःची केबल वापरायला दिली, आणि खांब सुरू करायला कार्डही त्याचंच.

तर माझी सवय सांगते. टाइप टू केबल बुटात सगळ्यात वर, सामान काय ते खाली. फ्रान्समध्ये चालणारी घरगुती प्लगची केबल वेगळी विकत मिळते, ती घेते, आणि ट्रॅव्हल ॲडॉप्टरला गाडीच्या जवळपासही येऊ देत नाही, तासन् तास १० अँपिअर ओढायला ती वस्तू बनवलेलीच नाहीये. घरमालकाला "चार्ज करता येईल का" असं विचारत नाही, सॉकेटचा फोटो मागते. आणि गणितही करून ठेवा, १० अँपिअरला सव्वादोन-अडीच किलोवॉट मिळतात, म्हणजे बारा तासांत साधारण २७ युनिट, ६० युनिटची बॅटरी अर्धीही भरत नाही. त्याच जागी खांबावर बहुतेक नव्या गाड्या ११ किलोवॉट घेतात, रात्रीत फुल. म्हणून मुक्काम ठरवताना आधी नकाशात गावातला खांब शोधायचा आणि मग घर, उलटं नाही. कॅम्पसाइट असेल तर विचारल्याशिवाय तंबू-कॅरॅव्हॅनसाठीच्या निळ्या प्लगला गाडी लावायची नाही, तिथे कित्येक ठिकाणी फक्त ६ अँपिअर असतात.

कार्डाचंही तेच. एप्रिल २०२४ नंतर बसवलेल्या ५० किलोवॉट आणि त्यावरच्या चार्जरवर बँकेचं कार्ड चालायलाच हवं असा युरोपियन युनियनचा नियम आहे, पण गावातले जुने खांब त्यात बसत नाहीत. चार्जमॅप किंवा इलेक्ट्रोव्हर्स, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे खांब एकाच कार्डावर चालवणाऱ्या सेवा, त्यांचं कार्ड घरी पोस्टाने येतं, म्हणजे निघायच्या आदल्या रात्री मागवून उपयोग नाही. एक नाही, दोन मागवा. भर पावसात खांबासमोर उभं राहून ॲप डाउनलोड करणाऱ्यांची मला आता दयाही येत नाही.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे लीजची गाडी. यूकेत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ईव्ही सॅलरी सॅक्रिफाइसवर (पगारातून हप्ता कापून कंपनीमार्फत घेतलेल्या लीजवर) आहेत आणि तरी विचारलं की उत्तर येतं, "गाडी माझीच आहे." नाहीये! व्ही५सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, लीज कंपनीच्या नावावर आहे. देशाबाहेर न्यायची तर त्यांची परवानगी आणि व्हीई१०३ नावाचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते काही एका क्लिकवर मिळत नाही. चॅनल टनेलचं बुकिंग झालं, जिट (भाड्याचं सुट्टीचं घर) बुक झाला, आणि निघायला चार दिवस असताना "अगं हे व्हीई काय असतं?" तिकीट काढायच्या आधी लीजवाल्यांना ईमेल टाका, आणि त्याच ईमेलमध्ये युरोपातला इन्शुरन्स आणि ब्रेकडाउन कव्हर कुणाकडे आहे तेही विचारून घ्या.

वेग. तिकडे मोटरवेवर ताशी १३० किलोमीटरची लिमिट आहे म्हणून १३० ने पळवायलाच हवं असं नाही. ११० वरून १३० ला गेलात की हवेचा अडथळा जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो, त्यात कॅले ते रान्सचा ए२६ मोटरवे सगळा मोकळ्या माळावरून, समोरून वारा असला की टक्के डोळ्यांदेखत उतरतात. वर रूफ बॉक्स असेल तर विचारूच नका, आणि ल शटलला (टनेलमधून गाड्या नेणाऱ्या ट्रेनला) १.८५ मीटरच्या वर उंची गेली की तिकीटही वेगळं, बुकिंग करताना बॉक्ससकट मोजा. मी १५ टक्क्यांच्या खाली पोचायचा प्लॅन करतच नाही, आणि दोनच गन असलेल्या स्टेशनवर भिस्त ठेवत नाही. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी तर मुळीच नाही, त्या दिवशी अख्खा फ्रान्स रस्त्यावर असतो, बिझॉं फ्युते या फ्रेंच सरकारच्या ट्रॅफिक अंदाजाच्या साइटवर काळा रंग, म्हणजे सगळ्यात जास्त गर्दी, दिसला की सरळ रविवारी निघा.

बाकीचं भराभर. गाडीच्या मागचं देशाचं जीबी स्टिकर सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही, यूके लागतं. गाडी बंद पडली तर घालायचं पिवळं सेफ्टी जॅकेट बुटात नाही, हाताशी. ए१३ वर नॉर्मंडीकडे जाताना टोलनाके काढून टाकलेत, ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरा, नाहीतर दंड घरी येतो. भारतीय पासपोर्ट असेल तर आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) असूनही शेंगेन व्हिसा लागतो, दरवर्षी कुणीतरी विसरतंच. आणि साजूक तुपाची बरणी, पनीर, चिकन लोणचं घरीच ठेवा, यूकेतून युरोपात दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. चिवडा-चकली खुशाल न्या.

परतीच्या दिवशी मात्र "कॅलेला टर्मिनलवर करू की चार्ज" असं म्हणत ५ टक्क्यांवर येऊ नका, तिथे तुमच्यासारखेच सगळे आलेले असतात आणि पासपोर्टची लाइन वेगळी. कॅलेच्या आधी लागणाऱ्या सां-ओमेरच्या अलीकडेच ७० टक्क्यांपर्यंत भरून घ्या, फोकस्टनला उतरल्यावर थेट घर गाठता येतं.