स्केचिंगचं पुस्तक घेताना मधलं पान उघडा

मुखपृष्ठावर भाळू नका. पहिल्या चौकटीत दोन गोल आणि तिसऱ्या चौकटीत थेट उधळलेला घोडा असेल, तर पुस्तक परत ठेवा. मधल्या पायऱ्या, म्हणजे खांद्याचा कोन आणि वजन कुठल्या पायावर आहे, हे दाखवणारं पुस्तक कामाचं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची गाइडं परीक्षेपुरती ठीक. हात त्यानं सुटत नाही.

शैली तुम्हाला काय काढायचंय त्यावरून ठरवा. आठवडी बाजारातली माणसं, बैलं एका जागी थांबत नाहीत. तिथं अर्ध्या मिनिटात हालचाल पकडायला लावणारं जेस्चर ड्रॉइंगचं पुस्तक हवं. वेरूळच्या 16 नंबरच्या कैलास लेण्यातली दगडातला खोलपणा पेनानं दाखवायचा, तर क्रॉस-हॅचिंग शिका: आधी एकाच दिशेच्या विरळ रेघा, त्यावर दुसऱ्या दिशेच्या, आणि फक्त गडद कोपऱ्यात तिसरा थर. नवखे सगळीकडे तीन थर देतात नि चित्र काळंठिक्कर होतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासारखी लयदार रेषा हवी असेल, तर बाह्यरेषेवर भर देणारं पुस्तक बघा.

एका वेळी एकच घ्या. सरावाला 2बी पेन्सिल आणि पाठकोरे कागद चालतात. महागडी स्केचबुकं नंतर.