तार तुटली म्हणून जाड तार लावली आणि तोंडावर आपटलो

पियानोचं काम शिकायला लागलो त्याला तीनचार महिनेच झाले असतील, एका जुन्या अपराइटमधली (उभ्या पियानोतली) वरची एक तार तुटली, मधल्या सी पासून दोन सप्तकं वरचा सी. मी बदलली, आठवड्यात परत तुटली. मग डोकं चालवलं की पातळ आहे म्हणून तुटतेय, तर एक नंबर जाड लावू. 15.5 च्या जागी 16.5 चढवली (हे तारेच्या जाडीचे नंबर). ती सुरात यायच्या आधीच तुटली आणि माझ्या कानाजवळून सूं करून गेली. (चष्मा घाला. खरंच घाला.)

ज्यांच्याकडे शिकत होतो ते सर बघून हसले. म्हणाले, जाड लावलीस तर तिला त्याच सुरावर आणायला जोरही जास्त लागणार ना? तेव्हा ट्यूब पेटली. पियानोत तारेची लांबी ठरलेली आणि सूरही ठरलेला, त्यामुळे जाडी वाढली की वजन वाढतं आणि ताणही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो, म्हणजे पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवर भार होता तेवढाच राहतो. त्या सी ला 0.9 मिमी तारेवर (म्हणजे 15.5) साधारण 80 किलोचा ताण, 0.95 (म्हणजे 16.5) लावली की 90 च्या आसपास. तार सुरक्षित झालीच नाही, उलट जाड तार दर चौरस मिलिमीटरला थोडा कमीच भार सोसते, आणि खुंटी, ब्रिज (तारेचा कंप लाकडी फळीत नेणारी पट्टी), प्लेट (तारांचा ताण पेलणारी लोखंडी चौकट) सगळ्यांवर फुकटचा बोजा. शिवाय या सुराला तीन तारा असतात, त्यातल्या बाजूच्या दोन जुन्या मापाच्या, त्यांचे वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे बारीक उंच सूर) या जाड तारेशी जुळत नाहीत, कितीही ट्यून करा आवाजातली वर-खाली होणारी लहर जातच नाही.

मग तुटत का होती? सरांनी प्लेटच्या ज्या कडेवरून तार वळते तिथून नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. वर्षानुवर्षं घासून खाच पडली होती आणि तिला धार आली होती. बारीक पॉलिश पेपरने ती कड गुळगुळीत केली, 15.5 चीच नवी तार लावली, टिकली.

आता माप कसं घ्यायचं. नंबरांचं गणित सोपंय, 13 नंबर म्हणजे 0.775 मिमी आणि पुढे दर अर्ध्या नंबराला 0.025 मिमी वाढ, म्हणजे 14 ला 0.825, 15 ला 0.875, 16 ला 0.925. अमेरिकन तारेत हेच इंचात असतं, 13 ला 0.031 इंच आणि अर्ध्या नंबराला एक हजारांश इंच, फरक केसाएवढा पण आहे. एवढ्या बारीक फरकाला साधा व्हर्निअर चालत नाही, मायक्रोमीटरच लागतो. आणि नंबरापेक्षा मिमी वर विश्वास ठेवा, कारण जुन्या काळी नंबरांच्या पद्धती बऱ्याच होत्या, प्लेटवर छापलेला 16 आजचाच 16 असेल असं नाही.

मोजताना मी केलेली दुसरी चूक म्हणजे गंजलेल्या जागी मोजलं. 0.93 आलं, मी 16 लिहून मोकळा. पुसून, सरळ भागात, दोन बाजूंनी परत मोजलं तर 0.90. खुंटीभोवतीचे वेढे आणि वाकलेला भाग तर अजिबात मोजू नका, तिथे तार दबलेली असते.

पूर्ण पियानोच्या तारा बदलायच्या असतील तर एकही तार काढायच्या आधी सगळी मापं वहीत. एका सुराला तीन तारा, पण एकच तार खालच्या खिळ्याला वळसा घालून दोन तारांचं काम करते, त्यामुळे एखादी तार दोन शेजारच्या सुरांत वाटलेली असते. हे आधी लिहिलं नाही तर नंतर कपाळाला हात. यादी उंच सुरांकडून खालच्या सुरांकडे वाचून बघा, जाडी हळूहळू वाढत जायला हवी. 15, 15, 16.5, 15.5 असं दिसलं तर तो 16.5 माझ्यासारख्याच कोणीतरी आधी लावलेला आहे, तो कॉपी करू नका.

फार जुना, म्हणजे 1850 च्या आधीचा पियानो आला तर आजची कडक तार सरळ चढवू नका. तेव्हाची तार मऊ होती, आवाज त्या तारेवर बसवलेला होता. स्टीफन पॉलेलो वगैरे मऊ प्रकारच्या तारा बनवतात, त्या बघा.

बेसच्या तांबं गुंडाळलेल्या तारा हा वेगळाच विषय, त्या रीळातून कापून मिळत नाहीत, मोजून बनवून घ्याव्या लागतात. तुटलेल्या तारेचे सगळे तुकडे जपून ठेवा, आतल्या तारेचं आणि बाहेरच्या गुंडाळीचं माप वेगवेगळं घ्या, गुंडाळी कुठे सुरू होते कुठे संपते तेही. तुकडे हरवले असतील तर शेजारच्या दोन तारांची मापं पाठवा, बनवणारा त्यावरून अंदाज काढतो. आणि नवीन तार आली की खिळ्यात अडकवण्याआधी गुंडाळीच्या दिशेनेच एक पीळ द्या. मी पहिल्यांदा उलटा दिला होता, तार खुळखुळ्यासारखी वाजत होती.