भुताची मालिका बघताना भुतामागचं काय बघायचं

आमच्या शिवाजी पेठेत ‘रात्रीस खेळ चाले’ अजून बघतात. रात्री भांडी आवरली की आम्ही गल्लीतल्या बायका एका घरी जमून जुने भाग लावतो. नुसतं घाबरण्यापलीकडं त्यात खूप आहे. ते कसं शोधायचं, सांगते.

आधी दुसरं पर्व बघा. 2016 साली झी मराठीवर मालिका सुरू झाली ती वाड्याचे कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूपासून. 2019 चं दुसरं पर्व मागं जातं, तिथं अण्णा जिवंत आहेत. लोकांच्या जमिनी लाटतात, घरात कुणाला तोंड वर करू देत नाहीत. एवढं बघून मग पहिल्या पर्वाकडं या. वाड्यातली भीती मेलेल्या माणसानं आणलेली नाही, ती त्याच्या हयातीतच मुरलेली होती, हे लख्ख दिसतं. माझ्या मते मालिकेतलं खरं राजकारण हेच.

भीतीचा प्रसंग आला की टीव्हीचा आवाज बंद करा. निम्मी भीती संगीताची असते. ती गेली की माणसं दिसायला लागतात: कोण खुर्चीत बसलंय, कोण उंबऱ्याबाहेर उभं आहे, अण्णांच्या बायको माई बोलताना कुणाकडं बघतात. वहीत दोनच गोष्टी लिहा, घाबरलं कोण आणि त्या घाबरण्यानं फावलं कुणाचं. वाटणीचा विषय निघतो तेव्हा तर वही हातातच ठेवा.

मग भाषा. घरातली माणसं मालवणीत बोलतात आणि भुताखेतावर विश्वास न ठेवणारी सून नीलिमा मुंबईची, शहरी मराठीची. इथं मी अडते. विवेक शहरातूनच यावा लागतो का? आमच्या कोल्हापुरात गोविंद पानसरे कामगारांशी, शेतकऱ्यांशी त्यांच्याच भाषेत हेच बोलत आले. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. म्हणून मला ही मालिका निव्वळ करमणूक म्हणून बघवत नाही.

कुठल्याही मालिकेत मांत्रिक आला की तिथं थांबा आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची, म्हणजे गुन्हा ठरणाऱ्या गोष्टींची यादी, मोठ्यानं वाचा. भूत उतरवतो म्हणून दोरखंडानं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, सगळं त्यात नावानिशी आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5,000 ते 50,000 रुपये. साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देणं हाही गुन्हाच. हे वाचताना पोरींना जवळ बसवा. आणि पडद्यावरचं कुठं आपल्या गल्लीत घडताना दिसलं, तर पोलीस ठाण्यात जाऊन या कायद्याखाली नेमलेला दक्षता अधिकारी कोण ते विचारा आणि तक्रार त्याच्याकडं लेखी द्या.