राखीव माळरानावर गुरं, पाखरं आणि पायवाटा एकत्र कशा सांभाळाव्यात

चराई बंद केली की माळरान आपोआप सावरतं, ही समजूत अर्धीच खरी आहे. जिथलं गवत हजारो वर्षं चरणाऱ्या जनावरांच्या तोंडाखाली वाढत आलं, तिथे चराई थांबली की वाळक्या गवताचे थर साचतात. खालच्या कोंबांना ऊन मिळत नाही, झुडपं आत शिरतात आणि वणव्याला सरपण तयार होतं. उलट गुरं मोकाट सोडली तर चवीचं गवत आधी संपतं, काटेरी आणि कडू तेवढं उरतं. म्हणून गुरं किती, कधी आणि कुठे, एवढंच ठरवायचं असतं. त्याचा क्रम मात्र चुकवू नये: आधी जमिनीवर किती गवत शिल्लक राहिलं पाहिजे ते ठरवा, मग गुरांची संख्या, मग माणसांच्या वाटा. बहुतेक ठिकाणी हे उलट होतं. गुरं किती आहेत ते आधी मोजतात आणि तेवढी जमिनीवर बसवतात.

गवताचं गणित

वाढीचा हंगाम संपता संपता, गवत पूर्ण उंचीला आल्यावर, मोजणी करा. ५० × ५० सेंटिमीटरची लोखंडी चौकट घ्या. जमिनीचे प्रकार वेगळे करा (सपाटी, उतार, ओलसर भाग) आणि प्रत्येक प्रकारात किमान २० ठिकाणी ती ठेवा. कुठे ठेवायची हे नकाशावर आधीच ठरवा. जागेवर जाऊन ठरवलं तर हात हमखास हिरव्यागार पट्ट्याकडे वळतो आणि आकडा फुगतो. चौकटीतलं गुरं खातात तेवढंच गवत जमिनीलगत कापा, गेल्या वर्षीचं करडं गवत वेगळं काढा, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा आणि तोला. एका चौकटीतल्या ग्रॅमला ४० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात.

समजा २०० हेक्टर जमीन आहे आणि सरासरी ४५ ग्रॅम आले, म्हणजे हेक्टरी १,८०० किलो सुकं गवत. आता वजाबाकी करा:

- ओढ्याचा काठ आणि घरट्यांचा भाग मिळून ३० हेक्टर बाजूला. उरले १७०.
- त्यातले ४० हेक्टर ११ ते ३० टक्के उताराचे (१०० मीटर पुढे जाताना ११ ते ३० मीटर चढ). तिथे गुरं कमी चढतात, म्हणून ३० टक्के कापून २८ हेक्टर धरा. हिशेबाचं क्षेत्र १५८ हेक्टर.
- त्यावरचं गवत २,८४,४०० किलो. यातला ३० टक्केच वाटा गुरांचा: ८५,३२० किलो.
- ४०० किलोची गाय रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के, म्हणजे १० किलो सुका चारा खाते. २४० दिवसांच्या चराईला ३५ गाई.

हीच जमीन 'निम्मं गवत गुरांना' म्हणून सरसकट मोजली असती तर ७५ गाई बसल्या असत्या. पहिल्या चांगल्या वर्षी त्या पोसल्याही जातात. फटका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतो आणि तोवर मुळं आखडलेली असतात.

३० टक्केच का? अमेरिकेत एफ. जे. क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गवताचा पाला वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांची वाढ पाहिली. ४० टक्क्यांपर्यंत कापल्यावर मुळं वाढतच राहिली, ५० टक्क्यांना अगदी थोडी थांबली, ६० टक्क्यांना निम्मी आणि ८० टक्क्यांना सगळीच थांबली. म्हणजे ५० ही लक्ष्मणरेषा. त्या ५० मधलंही बरंच गवत तुडवलं जातं, शेणामुताखाली खराब होतं, टोळ, ससे आणि हरणं खातात. तोंडात जाणारा वाटा म्हणून ३० च्या आत ठेवायचा. कोरड्या प्रदेशात २५ च धरा.

पाणी आणि मीठ: गुरं हाकण्याचा स्वस्त मार्ग

कुंपणाआधी पाण्याचा विचार करा. सपाटीवर पाण्यापासून १.६ किलोमीटरपर्यंत गुरं मोकळेपणाने चरतात. त्यापुढे ३.२ किलोमीटरपर्यंतचं गवत हिशेबात निम्मंच धरा आणि त्याच्याही पलीकडचं शून्य. म्हणूनच हौदाभोवती जमीन उघडी आणि टोकाला गुडघाभर गवत असं चित्र दिसतं. यावर गुरं कमी करून भागत नाही, दुसरा हौद लागतो. मिठाच्या विटा हौदाजवळ ठेवू नका. निदान ४०० मीटर लांब, कमी चरलेल्या बाजूला ठेवा आणि दर महिन्याला जागा बदला.

उन्हाळ्यात दुभत्या गाईला दिवसाला ७० लिटरहून अधिक पाणी लागू शकतं. कळप एकदमच पाण्यावर येतो, म्हणून नळाचा वेग नव्हे, साठा महत्त्वाचा. प्रत्येक हौदात पाखरांना बाहेर पडायला जाळीची उतरंड बसवा: उतार ४५ अंशांपेक्षा कमी, खालचं टोक तळाला टेकलेलं आणि उतरंड हौदाच्या भिंतीला चिकटलेली. बुडणारं पाखरू किंवा वटवाघूळ भिंतीच्या कडेकडेने फिरतं. उतरंड मध्येच तरंगत असेल तर ते तिच्या मागून निघून जातं आणि बुडतं.

कप्पे आणि कुंपण

माळाचे सहा कप्पे करून प्रत्येकात ७ दिवस गुरं ठेवली तर प्रत्येक कप्प्याला ३५ दिवस विश्रांती मिळते. जोमाच्या वाढीत एका जागी आठवड्यापेक्षा जास्त मुक्काम नको, कारण नवा कोंब फुटताच गुरं तोच पुन्हा खुडतात. वाढ मंदावली की विश्रांती वाढवा. तारखेपेक्षा गवताकडे पाहून कळप हलवणं केव्हाही चांगलं.

जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी बहुधा दोन ते चार आठवड्यांत फुटतात. पण घरटं मोडलं तर पाखरू पुन्हा अंडी घालतं, म्हणून विणीच्या कप्प्यात किमान ६० ते ७५ दिवस ना गुरं, ना माणसं. सगळ्या पाखरांना उंचच गवत हवं असतं असंही नाही. काहींना आखूड, विरळ गवत लागतं. एकसारखं हिरवं मैदान दिसायला छान, पण पाखरांसाठी फारसं कामाचं नाही. कुठे उंच, कुठे आखूड असा गोधडीसारखा तुकडा-तुकडा राहिलेला बरा.

कुंपणाची सगळ्यांत खालची तार जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर आणि बिनकाट्याची हवी. तिच्याखालून हरणांची पिल्लं निघतात. वरची तारही बिनकाट्याची, १०५ सेंटिमीटरच्या आत. वरच्या दोन तारांत ३० सेंटिमीटर अंतर सोडाच, कारण उडी चुकलेल्या हरणाचा मागचा पाय नेमका या दोन तारांत पिळला जातो. मेंढ्यांसाठी जाळी लागत असेल तर ती तात्पुरती लावा आणि कळप हलला की गुंडाळून ठेवा.

माणसांच्या वाटा

पाट्यांपेक्षा कापलेली वाट जास्त काम करते. गवतातून सव्वा ते दीड मीटर रुंद पट्टा कापून ठेवला की बहुतेक लोक त्याच पट्ट्यावरून चालतात. वाट हौद, मीठ आणि दुपारच्या सावलीपासून दूर न्या, कारण गुरं तिथेच बसतात. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर पाणी वाटेनेच वाहतं आणि दोन पावसांत तिची घळ होते. वाटेचा चढ १० टक्क्यांच्या वर तर सहसा जाऊच नये. एका वाटेऐवजी दोन वर्तुळाकार वाटा असल्या की एक बंद ठेवता येते. गर्दीच्या दिवशी कळप वाट नसलेल्या कप्प्यात असेल असंच वेळापत्रक लावा.

फाटक उघडं राहणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. 'कृपया फाटक लावा' लिहून उपयोग होत नाही, फाटक आपोआप मिटलं पाहिजे. दोन्ही बिजागऱ्या एकाच ओळंब्यात न बसवता वरची किंचित सरकवली की ते स्वतःच्या वजनाने बंद होतं. ते ७० ते ८० अंशांपलीकडे उघडू नये म्हणून अडखांब ठोका, नाहीतर मागे जाऊन तिथेच टेकून राहतं. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी रुंद फाटक वेगळं ठेवा. एकेक माणूस वळून जाणारी अरुंद फाटकं त्यांच्या कामाची नाहीत.

कुत्र्यांबाबत गुळमुळीत नियम करू नका. मोकळं कुत्रं घरट्यावरून पाखरू उठवतं. काही कुत्र्यांच्या विष्ठेतून निओस्पोरा हा परजीवी चाऱ्यात जातो आणि गाभण गाई गाभडतात. वासरू असलेली गाय माणसापेक्षा कुत्र्यावरच आधी धावून येते. म्हणून साखळी सक्तीची, विष्ठा उचलणं सक्तीचं आणि व्यायलेल्या गाईंच्या कप्प्यात कुत्र्याला बंदीच. गाय अंगावर आली तर साखळी सोडून द्यायची. कुत्रं पळून सुटतं, त्याला धरून ठेवणारा माणूस सापडतो. हे फाटकावर ठळक लिहा.

औषधं आणि नवी जनावरं

आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध दिलेल्या गुरांच्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या मरतात, मग शेण जिरत नाही. सरसकट डोस न देता जंत आहेत का हे शेण तपासून पाहून द्या आणि त्यानंतरचे दोन आठवडे ती गुरं माळावर सोडू नका. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर दगावून उघड्यावर पडलं तर ते खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. ते वापरूच नये. बाहेरून आणलेली गुरं तीन-चार दिवस स्वच्छ चाऱ्यावर वेगळी बांधा, म्हणजे पोटातलं तणाचं बी तिथेच पडेल.

करारात काय लिहावं

गुरांच्या मालकाशी चराईचा करार करताना नुसतं '३५ गाई' लिहू नका. हंगामाच्या शेवटी हेक्टरी किती किलो सुकं गवत उरलं पाहिजे आणि ओढ्याकाठी गवताची उंची किती राहिली पाहिजे (१० ते १५ सेंटिमीटर) हे लिहा. मुदत निदान ५ वर्षांची द्या. वर्षभराच्या करारावर कोणी हौद दुरुस्त करत नाही, उलट असेल ते ओरबाडून घेतो. कुंपण कोण दुरुस्त करणार, पाहुण्याने फाटक मोडलं तर खर्च कोणाचा, वाट बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे नावानिशी हवं.

दुष्काळाची तारीखही आधीच लिहून ठेवा: अमुक दिवसापर्यंत नेहमीच्या निम्मंच गवत आलं असेल तर गुरं निम्मी होतील. ऐन टंचाईत ही बोलणी सुरू केली तर बाजार पडलेला असतो आणि गुरं विकायला कोणी तयार नसतं. दरवर्षी त्याच खुंटीवरून, त्याच दिशेने, त्याच आठवड्यात फोटो घ्या आणि १०० पावलं चालत प्रत्येक पावलाच्या टोकाशी गवत, तण की उघडी माती ते टिपा. उघडी माती सलग दोन वर्षं वाढली तर पुढच्या हंगामात गुरं कमी होतील, ही अटही करारातच असू द्या.