छोटी स्पोर्ट्स कार टेस्ट ड्राइव्हला घेताय? आधी मांड बसते का ते बघा

इंग्लंडात डर्बीला राहायला आल्यापासून माझ्या डोक्यात एकच गाडी होती, माझदा एमएक्स-५. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये रोडस्टर. दोन सीट, पुढे छोटं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वर कापडी छप्पर, बस. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका महिन्यात तीन वेगवेगळ्या एमएक्स-५ चालवून बघितल्या आणि त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितोय, कारण आपण हॅचबॅक किंवा एसयूव्ही बघायला जातो त्याच पद्धतीने ही गाडी बघितली तर ती कळतच नाही, पंधरा मिनिटं फिरून येतो आणि "छान आहे पण बूट (म्हणजे डिकी) लहान आहे" एवढंच सांगतो.

या गाडीबद्दल जपानी इंजिनियर "जिनबा इत्ताई" असं म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे त्याला आधीपासून जास्त नेमका शब्द आहे, मांड. स्वाराची मांड पक्की असली की घोड्याची प्रत्येक हालचाल त्याला कमरेतून, मांडीतून कळते, लगाम ओढत बसावं लागत नाही. टेस्ट ड्राइव्हला शोधायचं ते हे. आकडे घरी बसून वाचता येतात: २०१५ ला आलेल्या मॉडेलचं १.५ लिटर इंजिन १३१ हॉर्सपॉवरचं, ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला आठ सेकंदांच्या थोडं वर, २ लिटरचं आधी १६० होतं ते पुढे १८४ झालं. पण मांड बसते का ते कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं, ते स्वतःच बसून बघावं लागतं.

आधी घरचा अभ्यास. इकडे तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि नुसता नंबर टाकला की सरकारी वेबसाइटवर तिचा सगळा इतिहास फुकट दिसतो, कधी पास झाली, कधी नापास, तेव्हा किती मैल झाले होते. त्यात करोजन, म्हणजे गंज, हा शब्द शोधा. तो दिसला तर फोन करून आधीच विचारा की ते काम कधी केलं, कुठे केलं, बिल आहे का. दुसरं इन्शुरन्स. डीलरकडे जात असाल तर बहुतेक वेळा त्यांचा असतो, तरी विचारून घ्या, पण कुणाच्या घरी जाऊन गाडी बघणार असाल तर तुमचा स्वतःचा हवा. मी असं धरून चाललो होतो की माझ्या पॉलिसीत दुसऱ्याची गाडी चालवायची सोय आहे, आदल्या रात्री सहज कागद काढून वाचले तर ती सोय त्यात नव्हतीच, म्हणजे तसाच गेलो असतो तर विनाविमा गाडी चालवली असती. एक दिवसाचा इन्शुरन्स ऑनलाइन लगेच मिळतो, तो काढा.

आणि फोनवर एक गोष्ट आवर्जून सांगा, की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचलात की बॉनेटवर हात ठेवून बघा, गार पाहिजे. थंड गाडी खरं बोलते. या गाडीत थंड असताना दुसरा गिअर जरा अडतो, पाच-सात मिनिटांनी तेल गरम झालं की सुटतो, तेवढं चालतं, पण गरम झाल्यावरही घासत असेल किंवा गिअर टाकताना करकर येत असेल तर तिथेच थांबा.

आता बसणं. घाईने इंजिन चालू करू नका, दहा मिनिटं नुसतं बसा, विकणारा उभा असेल तर असू दे. ही गाडी स्विफ्टएवढीच लांब आहे, चार मीटरच्या आत, पण उंची जेमतेम सव्वा मीटर, त्यामुळे आत बसणं म्हणजे खाली उतरणं. माझी आई तेव्हा वाईहून आलेली होती, ती शेजारच्या सीटवर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "अरे, पाटावर बसल्यासारखं वाटतंय." अगदी तसंच आहे. बूड जमिनीजवळ, पाय समोर सरळ, आणि ट्रान्समिशनचा बोगदा मधून गेल्यामुळे डावा गुडघा त्याला टेकतो. आईच्या गुडघ्यांना उतरताना त्रास झाला, मी दार पूर्ण उघडून हात दिला तेव्हा ती उठली, तर घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांनाही बरोबर न्या, नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

बसल्यावर बघायचं काय? क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पोचलं पाहिजे. इथे एक महत्त्वाची गोष्ट, २०१५ च्या मॉडेलमध्ये स्टिअरिंग फक्त वरखाली होतं, पुढेमागे व्हायची सोय नंतर, १८४ हॉर्सपॉवरवाल्या इंजिनाबरोबर आली, त्यामुळे लांब पायांच्या माणसाला सुरुवातीच्या गाड्यांत पाय बसतात पण हात ताणावे लागतात. मी पाच फूट सात इंच, मला काही अडचण आली नाही. सहा फुटांच्या वर असाल तर छप्पर लावून बसा, डोकं लागतं का बघा, आणि नंतर छप्पर उघडून समोरच्या काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांसमोर येते का तेही बघा, कारण तसं असेल तर सिग्नल दिसायला प्रत्येक वेळी मान वाकवावी लागेल.

छप्पर स्वतःच्या हाताने उघडून बघा. आरशाजवळ मधोमध एकच कडी असते, ती सोडायची आणि छप्पर मागे ढकलायचं, खट्ट आवाज येऊन बसतं, सीटवरून उठायचीही गरज नाही. जुन्या पहिल्या पिढीत, म्हणजे १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये जी पहिल्यांदा दाखवली ती वर उठणाऱ्या हेडलाइटवाली, तिच्यात दोन कड्या असतात आणि मागची खिडकी प्लॅस्टिकची असते, तिची चेन उघडून ती आडवी पाडल्याशिवाय छप्पर मागे घेऊ नका, थंडीत प्लॅस्टिक कडक झालेलं असतं आणि घडीवर तडकतं.

आता सुरुवात. पहिली दहा मिनिटं काहीही सिद्ध करायला जाऊ नका, गावातल्या ताशी तीस मैल लिमिटच्या रस्त्यावर साधी चालवा. मला सगळ्यात आधी जाणवला तो गिअर. छोटी काठी, हालचाल इतकी कमी की फक्त मनगट हलतं, कोपर जागेवरच, आणि प्रत्येक गिअर खाचेत बसल्याचं तळव्याला कळतं. मी पहिल्या दोन राउंडअबाउटना गरज नसताना तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतला, नुसता तो खाचेत बसण्याचा स्पर्श परत घ्यायला. रस्त्यातला प्रत्येक सांधा, गटाराचं झाकण सीटमधून कळतं. खरखरीत वाटेल, पण दणके बसत नाहीत, हा फरक लक्षात घ्या. दणके बसत असतील, खडखड ऐकू येत असेल तर सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) किंवा शॉक ॲब्सॉर्बर गेलेत.

मग इंजिन. डिझेलची किंवा टर्बोची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं हिच्यात दम नाही, कारण इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर आलं की आपण गिअर बदलतो आणि तिथे हिच्याकडे द्यायला काही नसतं. हिला फिरू द्यावं लागतं. गाडी नीट गरम झाल्यावर एखाद्या मोकळ्या स्लिप रोडवर (मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या जोडरस्त्यावर) दुसऱ्या गिअरमध्ये सात हजारापर्यंत जाऊ द्या. साडेचार-पाच हजारांनंतर आवाज पातळ आणि घट्ट होत जातो, आणि सात हजाराला पोचल्यावर मीटर बघितला तर सत्तावन्न-अठ्ठावन्न मैल, म्हणजे साठच्या लिमिटच्याही आत. हेच मला या गाडीत सगळ्यात आवडतं, पूर्ण इंजिन वापरायला मिळतं आणि लायसन्स खिशात राहतं. ताकदवान गाडीत असं पूर्ण इंजिन वापरायला ट्रॅकवर जावं लागतं.

वळणं हा खरा भाग आहे, त्यामुळे रस्ता आधी ठरवून ठेवा. डीलरची ठरलेली फेरी डबल रोडवरून जाऊन परत येते, तिच्यात काही कळत नाही, स्पष्ट सांगा की मला वळणांचा रस्ता हवाय. मी ॲशबर्नवरून बक्स्टनकडे जाणारा रस्ता धरला आणि मधेच एका आडरस्त्याला वळलो, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, पलीकडे मेंढ्या, रस्ता ओला. एकच वळण निवडा, पुढे दिसतंय, मागे कुणी नाही असं, आणि ते दोनदा-तीनदा घ्या. मला बाबांनी पसरणी घाटात मारुती ८०० वर गाडी शिकवली, त्यांचं एकच सांगणं असायचं, "वेग वळणाच्या आधी कमी कर, वळणात नाही." तेच इथे. सरळ असताना ब्रेक, तिसरा गिअर, चाळीस मैलांच्या आसपास, मग स्टिअरिंग वळवा आणि ॲक्सिलरेटर हलकेच धरून ठेवा.

पहिल्या वळणाला तुम्हाला वाटेल गाडी फार कलते. कलतेच, आणि बऱ्याच जणांना ते खटकतं, मला नाही खटकलं, कारण ती कलताना हळूहळू आणि एकसारखी कलते, आणि बाहेरच्या टायरवर किती भार गेलाय ते त्या कलण्यातून आपल्याला कळतं. वजन जेमतेम हजार किलोच्या आसपास, ते पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं, आणि आपण बसतो ते जवळपास मागच्या चाकांच्या पुढ्यातच. त्यामुळे मारुती ८०० मध्ये जे व्हायचं, की पुढची चाकंच ओढणार आणि तीच वळणार, तसं इथे होत नाही. नाक वळतं, आणि क्षणभराने मागची बाजू कमरेखालून ढकलते. दुसऱ्यांदा तेच वळण घेतलं तेव्हा मी हातांकडे लक्षच दिलं नाही, सगळं कमरेतून कळत होतं. मांड बसली म्हणजे काय ते मला त्या वळणात कळलं. तुम्हाला तीन वेळा घेऊनही तसं काही जाणवलं नाही, तर गाडी चांगली असेल पण तुमची नाही, परत द्या आणि घरी या.

एक कळकळीने सांगतो, ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरू न देणारी यंत्रणा, बंद करू नका. मागच्या चाकांची गाडी, परकी गाडी, ऑक्टोबरमधली ओली पानं, यात काही बघायचं राहिलेलं नसतं.

मोटरवेवरही दहा मिनिटं न्या, छप्पर लावून. सत्तर मैलांना सहाव्या गिअरमध्ये तीन हजाराच्या जरा खाली इंजिन फिरतं, वाऱ्याचा आणि टायरचा आवाज बराच येतो, शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. रोज तासभर मोटरवे असेल तर याचा नीट विचार करा. बायकोला पहिली तक्रार सुचली ती वेगळीच, तिच्या बाजूला समोर ग्लोव्हबॉक्सच नाही, कप्पा दोन सीटच्या मध्ये मागे आहे, पर्स ठेवायची कुठे. बूट १३० लिटरचा, दोन मऊ बॅगा बसतात, चार चाकांची कडक बॅग विसरा. जाताना स्वतःची एक बॅग घेऊनच जा आणि टाकून बघा.

जुनी घेत असाल तर गंज हा एकटा विषय इतका मोठा आहे की बाकी सगळं मागे पडतं. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. शिवाय छपरावरचं पाणी दारांच्या मागच्या नळ्यांतून खाली जातं, त्या नळ्या पानांनी आणि चिखलाने तुंबल्या की पाणी दाराखालच्या उंबऱ्यात, म्हणजे सिलमध्ये, साठतं आणि ते आतून कुजतं. बाहेरून नवा रंग, आतून पापुद्रे. मागच्या चाकाच्या पुढे जिथे सिल संपतं तिथे खाली वाकून हात फिरवा, फुगवटे लागतात का बघा, बोटाच्या पेराने ठोका, पत्रा वाजतो आणि लांबी (खड्डे भरायची पुट्टी) नुसती थप्प आवाज देते. फ्रिजवरचं एक लोहचुंबक खिशात टाकून न्या, कापडात गुंडाळून सिलवर धरा, चिकटलं नाही तर खाली लांबी भरलीये. पण तेच चुंबक बॉनेटवर चिकटलं नाही म्हणून घाबरू नका, बॉनेट मुळातच ॲल्युमिनियमचं आहे. मी बघितलेली दुसरी गाडी दिसायला तिघींत सगळ्यात देखणी होती, चालवायलाही सुंदर, सीटच्या मागच्या कार्पेटवर तळवा दाबला तर पाणी वर आलं आणि त्याच बाजूच्या सिलवर हातभर अंतरात चुंबक धरेना. मन फार लागलं होतं तिच्यात, तरी सोडली.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो तो वाचा, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाड्या वर्षाला थोड्याच फिरतात, त्यामुळे खाच भरपूर दिसते पण रबर दगड झालेलं असतं. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का तेही बघा. पुढे एक मागे दुसराच असेल तर मघाच्या त्या वळणात जे जाणवलं ते गाडीचं नसून टायरचं असू शकतं.

आवडली तरी पहिल्या दिवशी पैसे देऊ नका, दुसरी फेरी मागा आणि ती पावसात मागा. डर्बीत त्यासाठी फार थांबावं लागत नाही. तिसरी गाडी, १.५ लिटरची, लाल, सोळा इंची चाकांची, मी दुसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हा सकाळपासून संततधार होती. अर्धा तास चालवली, मग एका ले-बायला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यावर, थांबवून इंजिन बंद केलं, छपरावर पाऊस ताडताड वाजत होता, आणि मी दोन्ही काचांच्या वरच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, सीटच्या मागे हात घालून कार्पेट दाबलं. कोरडं होतं. परत जाऊन डिपॉझिट दिलं.