परसदारी मेक्सिकन थाटाचा ब्रायडल शॉवर

ब्रायडल शॉवर, म्हणजे लग्नाआधी नवरीसाठी केलेला समारंभ, असेल तर 20 पाहुण्यांसाठी सर्वांत सोयीचा बेत टाकोंचा, म्हणजे पातळ पोळीत सारण घालून दुमडलेल्या पदार्थाचा असतो. माणशी 3 या हिशेबाने, थोडे जास्तीचे धरून, मक्याचे 70 छोटे टॉर्टिया (पातळ पोळ्या) आणि सुमारे 3 किलो चिकन घ्यावे. शाकाहारींसाठी काळ्या घेवड्याची उसळ वेगळी ठेवावी. साल्सा, म्हणजे टोमॅटोची तिखट चटणी, सकाळीच करून ठेवता येतो, ग्वाकामोले, म्हणजे कुस्करलेल्या अव्होकाडोची चटणी, मात्र लवकर काळवंडत असल्यामुळे पाहुणे येण्यापूर्वी जेमतेम अर्धा तास आधी, लिंबू पिळून करावे. टॉर्टिया कोरड्या तव्यावर शेकून, भाकरीप्रमाणेच, जाड फडक्यात गुंडाळावेत, कारण गार झाल्यावर ते दुमडताना तुटतात. पेय म्हणून आग्वा दे हामाइका उत्तम. ते लाल अंबाडीच्या वाळलेल्या फुलांचे असते, त्यामुळे त्याची आंबट चव मराठी जिभेला परकी वाटणार नाही.

सजावटीला पापेल पिकादो, म्हणजे पातळ रंगीत कागदात नक्षी कोरलेली तोरणे, पुरेशी आहेत. पुएब्ला राज्यातील सान साल्वादोर उइश्कोलोत्ला हे गाव या कलेसाठी प्रसिद्ध आहे. दवाने कागद लोळागोळा होतो, म्हणून ती त्याच दिवशी बांधावीत. झेंडू आपल्याकडे मंगल असला तरी मेक्सिकोत तो मृतांच्या स्मरणदिनाचे फूल मानला जातो; त्याऐवजी तेथील राष्ट्रीय फूल असलेला डेलिया मेजावर मांडावा.