गावातले जुने घर रिकामे करताना

बीड, परभणी किंवा लातूरकडील माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर बंद करून छत्रपती संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचे ठरले, की बहुतेक जण आवराआवरीला स्वयंपाकघरापासून सुरुवात करतात आणि कागदांची पेटी सगळ्यात शेवटी, जीव मेटाकुटीला आल्यावर, रद्दीच्या पोत्यात उलटी करतात. हा क्रम बदलावा आणि पेटी आधी उघडावी.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता, त्यामुळे अशा पेट्यांतून मोडी लिपीतले व उर्दूतले कागद निघतात आणि घरातल्या कोणालाच वाचता येत नाहीत म्हणून ते टाकाऊ वाटतात. जमिनीचा वाद उभा राहिला किंवा जातीच्या दाखल्याची वेळ आली, की याच कागदांसाठी तहसीलचे हेलपाटे सुरू होतात. 2023 पासून निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर तर ही गोष्ट घरोघरी कळून चुकली आहे. खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद), फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद), खरेदीखत, आजोबांचा शाळेचा दाखला यांतले काहीही जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय टाकू नये. फोटो काढून ठेवावेत आणि मूळ कागद प्लास्टिकमध्ये न कोंडता कोरड्या सुती कापडात बांधावेत. हस्तलिखित पोथी 75 वर्षांहून जुनी असेल, तर ती 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. ती दारावर आलेल्या फिरत्या व्यापाऱ्याला मुळीच विकू नये.

तांब्यापितळेची भांडी मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर कोरलेली नावे वाचावीत. जे भांडे ज्या लेकीसुनेचे, आत्याचे किंवा मावशीचे, तिला आधी विचारावे. एका घंगाळावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे काही कमी नाहीत. तांब्याचा भाव पितळेपेक्षा चढा असतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे तोलून घ्यावे. घंगाळाला लोखंडी कड्या असतील तर त्या घरीच काढाव्यात, कारण व्यापारी त्यांचे वजन अंदाजाने, म्हणजे स्वतःच्या सोयीने, वजा करतो. बोअरच्या जड पाण्याने बंबात धरलेला क्षाराचा थरही खरवडून टाकावा, नाहीतर तेवढ्या निमित्ताने भाव पाडला जातो.

वाकळी (गोधड्या), पत्र्याच्या पेट्या, झाकणाचे डबे आणि पाण्याचे कॅन यांना बीडकडे खरा उपयोग ऊसतोड कामगारांच्या बिऱ्हाडात असतो. टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, तेव्हा त्याआधीच वाकळी धुऊन, उन्हात वाळवून द्याव्यात. फाटके मात्र देऊ नये. जे आपण अंगावर घेणार नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याला दान म्हणत नाहीत.

जाते आणि उखळ विकत घेणारा क्वचितच भेटतो. शेतातल्या घरी जागा असेल तर तिथे न्यावे. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारात न देता नवी घेताना दुकानात परत करावी, तिचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतात. जुना मोबाईल देण्यापूर्वी त्यातले सिम व मेमरी कार्ड काढून सगळी माहिती पुसून टाकावी.